शून्य घटनांचा वॉर्ड

व्ही आणि ई. एवढी दोनच अक्षरं. २६ डिसेंबर २०१७ला अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात राडोंडा वॉट नावाच्या नर्सने औषधांच्या कपाटाच्या स्क्रीनवर ती टाइप केली. हे कपाट म्हणजे औषधांचं एटीएमच. नाव शोधायचं, निवडायचं, खण उघडतो. तिला हवं होतं व्हर्सेड. पंचाहत्तर वर्षांच्या एका बाईंचं स्कॅन व्हायचं होतं, बंद मशीनची त्यांना भीती वाटत होती, म्हणून डॉक्टरांनी थोडं शांत करणारं औषध लिहून दिलं होतं. पण कपाटात औषधं जेनेरिक नावाने लावलेली होती आणि व्हर्सेडचं जेनेरिक नाव आहे मिडाझोलम. यादीत व्हर्सेड दिसेना. मग तिने ओव्हरराइड वापरला, पुन्हा तीच दोन अक्षरं टाकली आणि समोर आलं व्हेक्युरोनियम. तेच निवडलं गेलं.

व्हेक्युरोनियमने शरीराचे स्नायू लुळे पडतात, श्वास घेणारे स्नायूसुद्धा. ते ऑपरेशनच्या वेळी, कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या माणसाला देतात. या बाईंना तशी काही सोय नव्हती आणि औषध दिल्यावर त्यांच्यावर लक्ष ठेवायला जवळ कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं ते २०२२ मध्ये, ऑफिसच्या चॅनलवर. कुणीतरी 'वाईट यूआय म्हणजे काय' असं लिहून बातमीची लिंक टाकली होती. आम्ही सगळे तुटून पडलो. सर्चला ब्रँडचं नाव का कळत नाही? दोनच अक्षरांवर निकाल का दाखवायचा? जीवघेण्या औषधासाठी वेगळा अडथळा का नाही? ओव्हरराइड रोजच वापरावा लागत असेल तर त्याच्या इशाऱ्याकडे कोण बघणार? अर्ध्या तासात आमचं निदान ठरलं, सिस्टिमचा दोष. त्यावर दोन मीम आल्या आणि चॅनल पुढे सरकलं.

माझी ताई स्टाफ नर्स आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जीएनएम केलेली, पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात कामाला. आम्ही थेरगावला एकाच फ्लॅटमध्ये राहतो. तिची नाईट ड्युटी असली की ती सव्वानऊला घरी येते आणि साडेनऊला माझा स्टँडअप सुरू होतो. मधल्या पंधरा मिनिटांत चहा होतो. त्या चहावर मी तिला ही गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, ती लगेच त्या नर्सची बाजू घेईल.

ती म्हणाली, "व्हर्सेड पातळ असतं. हे दुसरं पावडर असतं, त्यात पाणी घालून विरघळवावं लागतं. तिथेच हात थांबायला पाहिजे होता."

झाकणावरही इशारा छापलेला होता, मी सांगितलं.

"मग? आणि असलं इंजेक्शन दिल्यावर पेशंटला सोडून जायचं नसतं." मग कप खाली ठेवून तिने मला जे विचारलं, ते आमच्या चॅनलवर कुणालाच सुचलं नव्हतं. "चूक झाल्याचं कळल्यावर तिने काय केलं?"

तिने लगेच सांगितलं होतं. वरिष्ठांना, डॉक्टरांना, कागदावर. लपवाछपवी तिने केली नाही. पुढचं मात्र विचित्र आहे. रुग्णालयाने तिला जानेवारी २०१८ मध्ये कामावरून काढलं. मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला या औषधाबद्दल सांगितलंच गेलं नाही, त्यामुळे मृत्यू नैसर्गिक म्हणून नोंदला गेला. सरकारी यंत्रणेला कळवलं नाही. कुटुंबाशी न्यायालयाबाहेर तडजोड झाली. जवळपास वर्षभराने निनावी तक्रार आली तेव्हा हे सगळं बाहेर पडलं. २०१९ मध्ये त्या नर्सला अटक झाली, २०२१ मध्ये तिचा परवाना गेला आणि मार्च २०२२ मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवलं. मे महिन्यात शिक्षा झाली. तुरुंगाऐवजी तीन वर्षं देखरेखीखाली काढायची.

ताई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे जिने खरं सांगितलं ती एकटी कोर्टात उभी राहिली. आता तिथल्या बाकीच्या नर्स काय शिकल्या असतील, सांग."

माझा स्टँडअप सुरू झाला होता. मी त्या दिवशी काय अपडेट दिला ते आठवत नाही. पण तेव्हापासून मी ताईला तिच्या कामाबद्दल नीट विचारायला लागलो. इतकी वर्षं मला तिचं काम म्हणजे इंजेक्शन, सलाईन आणि पाय दुखणं एवढंच माहीत होतं.

*

नर्सिंगच्या पुस्तकांत कायदा, नीतिमत्ता आणि सुरक्षितता अशी तीन वेगवेगळी प्रकरणं असतात. वॉर्डमध्ये ती वेगळी राहत नाहीत. एका साध्या गोळीत तिन्ही असतात.

गोळी देण्याआधी नाव विचारायचं. पण "तुम्ही शिंदे ना?" असं नाही विचारायचं. ऐकू कमी येणारे, भेदरलेले, अर्धवट झोपेतले आजोबा कशालाही "हो" म्हणतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि ते मनगटावरच्या पट्टीशी, तिच्यावरच्या नंबराशी जुळवायचं. नुसता बेड नंबर ही ओळख नव्हे, कारण बेड बदलतात. एका वॉर्डात दोन पाटील, तीन जाधव असतातच. दिवसातून सहा वेळा नाव विचारलं की नातेवाईक वैतागतात. "सिस्टर, सकाळपासून तुम्हीच आहात ना ड्युटीवर?" ताई हसून पुन्हा विचारते.

मग पाच गोष्टी जुळवायच्या. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. 'मार्ग' म्हणजे तोंडाने, स्नायूत, त्वचेखाली की शिरेत, हे मला पहिल्यांदाच कळलं. पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये मिसळून थेंबाथेंबाने दिलं तर उपचार. तेच पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून नीट चालणाऱ्या रुग्णालयात त्याच्या अँप्युल इतर औषधांच्या ट्रेमध्ये ठेवत नाहीत. घाईच्या वेळी हात चुकीच्या जागी जाऊच नये, अशी ती व्यवस्था असते.

रात्री दोनला डॉक्टर फोनवर औषध सांगतात. ते आधी लिहून घ्यायचं, मग लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवायचं, त्यांनी "बरोबर" म्हटल्यावरच द्यायचं आणि नंतर त्यांची सही घ्यायची. झोपेतून उठलेल्या माणसाला कुणी त्याचंच वाक्य परत ऐकवलं की राग येतो. "सांगितलं ना एकदा" हे ताईने किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. आदेश पटला नाही तर विचारायचं. तरी पटला नाही तर वरच्या डॉक्टरांना फोन करायचा. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं, एवढं म्हणून नर्सची सुटका होत नाही. तिच्याकडे स्वतःची नोंदणी आहे, स्वतःचा परवाना आहे, तेव्हा जबाबदारीही स्वतःची.

संमतीपत्राची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. सकाळी आठचं ऑपरेशन, फॉर्म कोरा, आणि नवरा पेन घेऊन तयार. बायको शेजारी बेडवर बसून चहा पितेय. पूर्ण शुद्धीत.

"द्या सिस्टर, मी करतो सही."

"त्यांना करू द्या."

"तिला सही येत नाही."

"मग अंगठा चालेल. पण त्यांचा. आणि आधी डॉक्टर येऊन त्यांना समजावून सांगतील."

ऑपरेशन समजावून सांगणं डॉक्टरांचं काम. पण ते खरंच झालं का, हे बघणारी शेवटची व्यक्ती बहुतेक वेळा नर्स असते. सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली प्रकरणातला २००८चा निकाल याच मुद्द्यावर आहे. त्या रुग्णाने दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. त्या भुलेखाली असताना त्यांच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालय म्हणालं, सज्ञान स्त्री काही तासांनी शुद्धीवर येणार होती, तेव्हा अशी तातडी नसताना तिच्या वतीने दुसऱ्या कुणी दिलेली संमती चालणार नाही. ताईला निकालाचं नाव माहीत नव्हतं. नियम मात्र पाठ होता.

आणि या सगळ्यावर लिहिणं. केस पेपरवर वेळ, औषध, मात्रा, सही. त्यांच्याकडे एक वाक्य पहिल्या वर्षापासून घोकून घेतात: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. लिहिताना चुकलं तर व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचं नाही. खाली काय होतं ते वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. उशिरा लिहिलं तर 'उशिरा केलेली नोंद' असं म्हणून खरी वेळ टाकायची. मी म्हणालो, अगं हे तर आमचं गिट! कुणी काय बदललं, कधी बदललं, जुनं काय होतं, सगळं दिसत राहतं.

"तुमच्या त्या गिटवरून कुणाला पोलीस स्टेशनला बोलावतात का?" तिने विचारलं.

*

पुढची गोष्ट लिहू का, असं मी ताईला विचारलं. तिने दोन अटी घातल्या. रुग्णालयाचं नाव नाही. आणि पेशंटचा आजार, वय, बेड, काहीच नाही. तिने मसुदा वाचून दोन वाक्यं काढायला लावली, कारण ती वाचून त्या पेशंटच्या घरच्यांना ओळख पटली असती. तेही तिच्या नियमांतच बसतं. वॉर्डमध्ये कळलेलं वॉर्डच्या बाहेर जात नाही. भावाच्या लेखातही नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यातली रात्र. एकतीस पेशंट आणि दोन नर्स, ताई आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेली एक ज्युनियर. एका पेशंटला चार युनिट इन्सुलिन लिहिलेलं होतं. इंग्रजी चार, आणि त्याला चिकटून युनिटचा 'यू'. घाईत लिहिलेला तो 'यू' वरून जवळजवळ बंद झालेला. ज्युनियरने वाचलं चाळीस.

ही चूक जगभर इतकी जुनी आणि इतकी ओळखीची आहे की औषध-सुरक्षेच्या नियमांत 'यू' हे लघुरूप वापरूच नका, 'युनिट' असा पूर्ण शब्द लिहा असं स्पष्ट सांगितलेलं असतं. आपल्याकडे त्यात अजून एक गुंता आहे. इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिटची आणि शंभर युनिटची. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, चाळीसच्या सिरिंजला लाल टोपी आणि शंभरच्या सिरिंजला केशरी. ज्युनियरने बाटली बरोबर घेतली, सिरिंज बरोबर घेतली आणि चाळीस युनिट अचूक भरले. आकडा सोडून तिचं सगळं बरोबर होतं.

इन्सुलिन दोघींनी तपासायचं हा नियम. ती सिरिंज घेऊन ताईकडे आली. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये चाळीस युनिट म्हणजे काठोकाठ भरलेली सिरिंज. ताईने ती बघितली आणि विचारलं, "काल किती दिलं होतं?" चार्ट उलटला. चार, सहा, चार. दोघींनी ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी "चार, चार" म्हटलं. पेशंटला चार युनिट मिळाले. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

चाळीस गेले असते तर? रात्री, जेवण झालेलं, माणूस झोपेत. साखर खाली जाते तेव्हा झोपलेला माणूस तक्रार करत नाही. सकाळी उठवायला गेल्यावर तो उठत नाही.

आता प्रश्न होता लिहायचं की नाही. पेशंटला काहीच झालं नव्हतं. ज्युनियर प्रोबेशनवर होती, घाबरली होती, रडत होती. ताईने तिच्यासमोर घटना अहवालाचा फॉर्म ठेवला. "पेशंटला काही झालं नाही म्हणूनच आज लिहायचं. झालं असतं तर सगळेच लिहायला धावले असते." दोघींनी मिळून फॉर्म भरला, दोघींनी सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशी दोघींना कारणे दाखवा नोटीस आली. 'कर्तव्यात निष्काळजीपणा.' अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा. घटना अहवाल सोडला तर त्या निष्काळजीपणाचा दुसरा कुठलाही पुरावा त्यांच्याकडे नव्हता. तो पुरावा या दोघींनीच स्वतःच्या हाताने लिहून दिला होता.

खुलासा मी टाइप केला, ताईने सांगितला. मला राग आला होता, त्यामुळे मी माझ्या पदरची वाक्यं घालत होतो. 'डॉक्टरांच्या गलिच्छ अक्षरामुळे' असं मी लिहिलं, ताईने ते खोडायला लावलं. त्या जागी आलं, 'आदेशातील यू हे अक्षर शून्यासारखे वाचले गेले.' मी म्हटलं, अगं पण खरी चूक त्यांचीच ना? ती म्हणाली, "ते डॉक्टर पण छत्तीस तास ड्युटीवर होते. मला आता त्यांच्यावर ढकलायचं असेल तर मग नोटीस काढणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय?" मी राजीनाम्याचा सल्ला दिला. एका मैत्रिणीने माफी मागून विषय मिटवायला सांगितलं. फ्लॅटचं भाडं, गावाकडे आईची औषधं, तिची पगारवाढ हे सगळं त्या अठ्ठेचाळीस तासांत आमच्या टेबलावर होतं.

खुलाशात शेवटी तिने तीन मागण्या घातल्या. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा. इन्सुलिनच्या नोंदीत दुसऱ्या नर्सच्या सहीसाठी वेगळा रकाना असावा. आणि अहवाल लिहिणाऱ्यावर फक्त अहवाल लिहिला म्हणून कारवाई होऊ नये.

नोटीस मागे घेतली गेली नाही आणि पुढेही गेली नाही. फाइलमध्ये पडून राहिली. ज्युनियरचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. पंधरा दिवसांनी भिंतीवर 'युनिट पूर्ण लिहा' अशी सूचना लागली, का ते न सांगता. आणि पुढच्या तिमाहीत त्या मजल्यावरून एकही घटना अहवाल आला नाही. मानांकनाची तपासणी होती तेव्हा कॉरिडॉरच्या बोर्डवर एक रंगीत तक्ता लागला. औषधांच्या चुका: शून्य.

*

आमच्याकडे कधी असं शून्य दिसलं की आम्ही आनंदाने नाचत नाही. लाखो रिक्वेस्ट येणाऱ्या सर्व्हरवर अचानक एकही एरर दिसेनाशी झाली, तर पहिला प्रश्न येतो: मॉनिटरिंग चालू आहे ना? बहुतेक वेळा एरर थांबलेल्या नसतात, त्या नोंदवणारी गोष्ट बंद पडलेली असते. एकतीस माणसं, दोन नर्स, दिवसाला शेकडो गोळ्या आणि इंजेक्शनं. तीन महिन्यांत एकही 'जवळजवळ चूक' नाही? हे ऐकून मला वॉर्ड सुरक्षित वाटला नाही. तिथे आता कुणी बोलत नाही, एवढंच कळलं.

आमच्या क्षेत्रात सिस्टिम कोसळली की 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' करतात. कुणी केलं यापेक्षा तसं करणं त्याला त्या क्षणी बरोबर का वाटलं, हे विचारतात. मला वाटायचं हे आमच्याच लोकांनी शोधून काढलंय. एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांच्या २०१२च्या ज्या लेखामुळे हा शब्द आमच्याकडे रुळला, त्याची मुळं विमान आणि रुग्णालयांतल्या अपघातांच्या अभ्यासात आहेत. अमेरिकेत १९७६पासून वैमानिक स्वतःच्या चुका गोपनीयपणे कळवतात, आणि त्या गोळा करण्याचं काम परवाने देणाऱ्या खात्याऐवजी मुद्दाम नासाकडे दिलेलं आहे. शिक्षा करणारा आणि ऐकून घेणारा वेगळा असला तरच लोक बोलतात, एवढं साधं गणित. ताईच्या घटना अहवालावर मात्र नोटीस काढणाऱ्यांचाच शिक्का बसला होता.

पण इथे मला थांबावं लागतं, कारण ताई थांबवते. तिला 'ब्लेमलेस' हा शब्द आवडत नाही. "तुमच्याकडे मागे घेता येतं. शिरेत गेलेलं परत येत नाही." ती तीन भाग करते. यू चा शून्य वाचला ही चूक, त्यासाठी लिहायची पद्धत बदला. सगळेच नाव न विचारता गोळ्या देतात हा शॉर्टकट, त्यासाठी समज द्या आणि माणसं वाढवा. आणि कळत असून धोका पत्करला, किंवा न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहिलं, तर शिक्षा करा. राडोंडा वॉटला कुठे ठेवायचं यावर आमचं अजून एकमत नाही. मी पहिल्या भागाच्या बाजूने, ताई म्हणते दुसरा आणि तिसरा यांच्या मध्ये कुठेतरी. गेलेल्या बाईंच्या घरच्यांना काय झालं ते कळण्याचा हक्क होता, यावर मात्र आमचं एकमत आहे. आणि तो हक्क त्या नर्सने मोडला नव्हता.

आपल्या कायद्यात हे तीन भाग किती दिसतात? सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात श्वास लागलेल्या एका रुग्णाला लावायला आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता. रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी असू शकते, पण तेवढ्यावरून डॉक्टरांवर फौजदारी गुन्हा टिकत नाही, त्यासाठी निष्काळजीपणा फार मोठा असावा लागतो, असं न्यायालय म्हणालं. डॉक्टरांना सरसकट अटक करू नये असंही सांगितलं. हा निकाल समंजस आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले, तेव्हा तीनच दिवसांत एक डॉक्टर आणि तीन नर्सना अटक झाली. आग इमारतीला लागली होती. सगळ्यात आधी हाताला लागल्या त्या ड्युटीवरच्या बायका.

आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या कायद्यात ती दोन वर्षांपर्यंत होती. नव्या कायद्यात नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसं झालं तर दोन वर्षांपर्यंतच. पण 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे कोण, याची व्याख्या तिथेच दिलेली आहे: ज्याचं नाव डॉक्टरांच्या राष्ट्रीय किंवा राज्य नोंदवहीत आहे तो. ताईचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत आहे. कलमाचे शब्द जसे आहेत तसे वाचले, तर त्या रात्री 'यू' नीट न लिहिणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि तो शून्य वाचणारीला पाच वर्षांपर्यंत.

मी हे कलम तिला मोबाइलवर दाखवलं. तिने दोनदा वाचलं. काही बोलली नाही. उठून डबा भरायला गेली.

बदलता येतं, हे दिसलेलं आहे. राडोंडा वॉटच्या खटल्यानंतर अमेरिकेतल्या केंटकी राज्याने २०२४ मध्ये कायदा केला. उपचार करताना अनवधानाने झालेल्या चुकीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यावर फौजदारी खटला नाही, बेदरकारपणा असेल तर मात्र सूट नाही. त्यात नर्सही येतात. ताईचे तीन भाग तिथे कायद्याच्या भाषेत आले आहेत.

*

मधल्या काळात मी एवढं शिकलो. गावाकडून आई तपासणीसाठी आली आणि तिला दोन दिवस ॲडमिट करावं लागलं, तेव्हा सिस्टरने पाचव्यांदा नाव विचारलं की मी आईला म्हणायचो, "सांग पूर्ण नाव." औषध आलं की कशाचं आहे ते विचारायचो, पण त्या औषध काढत असताना नाही, काढून झाल्यावर. काढताना मधे बोलणं म्हणजे मोजणाऱ्याला अडवणं. संमतीचा फॉर्म आला तेव्हा सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी तो आईकडे दिला. चष्मा शोधण्यात आणि वाचण्यात तिने वीस मिनिटं घेतली आणि मग विचारलेला एक प्रश्न डॉक्टरांनाही बरा वाटला.

ताई अजून त्याच रुग्णालयात आहे. अहवाल लिहिते. तिच्या मजल्यावरून आता तिमाहीला तीन-चार येतात आणि जवळजवळ सगळ्यांवर तिची सही असते. त्यामुळे तक्त्यात तिची शिफ्ट सगळ्यात वाईट दिसते. मागच्या आढावा बैठकीत तिला विचारलं गेलं, "सिस्टर, घटना तुमच्याच ड्युटीला का होतात?"

"सगळ्यांच्याच ड्युटीला होतात, सर," ती म्हणाली. "माझ्या ड्युटीला लिहिल्या जातात."

यावर कुणी काही बोललं नाही. बैठकीच्या इतिवृत्तात हे वाक्य आलंय का, ते तिने दुसऱ्या दिवशी जाऊन तपासलं. आलेलं नव्हतं. तिने ते लिहून घ्यायला लावलं, आणि खाली सही करून वेळ टाकली.